चाचा, त्या पेल्याबद्दल

चाचा,

सलाम. फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "ठेव गो बाय, सीरियल लागली" म्हणता आणि फोन कापता. दोनदा झालं हे. म्हणून आता चारचौघांत लिहितेय, नात वाचून दाखवेल तुम्हाला. नाव घातलेलं नाही, तशी तुमची अटच होती. खाडीच्या अंगाला ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. जपानी कंपनीच्या बोटींवर जन्म काढलेले भंडारी आपल्याकडे असून असून किती असणार? (घाटावरच्या वाचकांसाठी: बोटीवरचा भंडारी म्हणजे जात नव्हे, स्वयंपाकी.)

मंगळवारी रात्री जपानला जायचा कंटेनर न्हावा शेव्याला निघाला. 700 खोके, एकेका खोक्यात 11.34 किलोचे दोन डबे, म्हणजे जवळजवळ सोळा टन काजूगर. निम्मा माल आमचा, बाकीचा लांज्याच्या आणि पावसच्या दोन कारखान्यांचा, कारण एकटीने कंटेनर भरायची माझी ऐपत नाही. सोलणीच्या बायकांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून पळाल्या. ट्रकचा लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला तशी मी ऑफिसात येऊन बसले. टेबलावर सरबताचा रिकामा पेला होता, कोणीतरी प्यालेला, धुवायचा राहिलेला. तो बघितला आणि मला हुंदकाच आला. भाऊ घाबरला, त्याला वाटलं कागदपत्रांत काही राहिलं.

म्हणून तुम्हाला लिहायचं ते त्या पेल्याबद्दल. पण आधी त्याच्या आधीचं सांगते, थोडा राग आहे तो निघू दे.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका सल्लागाराने आम्हा काही कारखानदारांना हॉटेलात बसवून दोन दिवस जपानशी व्यापार शिकवला. फी सांगत नाही, त्या पैशांत बोरम्याचे (गर वाळवायच्या भट्टीचे) सगळे ट्रे नवे झाले असते. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेतलेलं लगेच खिशात कोंबायचं नाही, जरा वाचायचं. वाकायचं किती, त्याचे अंश. भातात काड्या उभ्या खुपसायच्या नाहीत, कारण तसं ते मयताच्या भाताला करतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण पोहायला शिकवतो म्हणणाऱ्याने नुसता पंचा गुंडाळायला शिकवावा, तसं ते झालं. पाण्यात पडल्यावर काय करायचं, ते कुठे होतं त्यात?

पाण्यात मी पडले ती व्हिडिओ कॉलवर. डब्ल्यू-320 चा भाव सांगितला (पौंडाला तीनशे ते तीनशेवीस गर बसतात ती प्रत, माल राजापूरचा, गिऱ्हाईक जपानचं आणि मोजमाप अजून इंग्रजांच्या पौंडात) आणि पलीकडची तिन्ही माणसं गप्प झाली. टेबलाकडे बघत बसली. माझ्या पोटात गोळा आला. व्हिएतनामचा माल स्वस्त पडतो हे डोक्यात होतंच, म्हणून मी किलोमागे थोडी उतरले. पुन्हा गप्प. पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा भाऊ टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता. त्यांचं आपलं विचार करणं चाललं होतं, आणि मी माझ्याशीच घासाघीस करत होते.

शेवटी ते म्हणाले, 'केन्तो शिमासु'. दुभाष्याने सांगितलं, विचार करू म्हणतात. सल्लागाराने फोन करून अभिनंदन केलं. सबंध बोलण्यात ते 'हाय, हाय' करत होते, म्हणजे हो म्हणत होते, आता ऑर्डर आलीच समजा, म्हणाला. त्या भरवशावर मी एप्रिलात चढ्या दराने बी भरली. ऑर्डर आली नाही. पावसाळ्यात तो माल मी मुंबईच्या व्यापाऱ्याला पडेल भावाने दिला. सल्लागाराचा फोन तेव्हापासून कायम बिझी.

मला राग त्याचा आहे तसा माझाही आहे. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं 'हं, हं' करत हुंकार भरायचो. हुंकार म्हणजे होकार नव्हे, एवढं मला पाचव्या वर्षी कळत होतं. त्यांचं 'हाय' म्हणजे बहुतेक वेळा तेवढंच, ऐकतोय, पुढे बोला. आणि 'विचार करू'? मुलगी बघून गेलेली माणसं 'कळवतो' म्हणतात त्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतो. 'बघूया' म्हणालेला गडी दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही हेही ठाऊक असतं. तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही रीत त्यांची तशी आपलीही. मग ती भलत्या देशातून आली की आपण एवढे अडाणी का होतो?

असो. बाबा गेल्यापासून तुमच्याकडे येणं कमी झालं होतं. या जानेवारीत तुम्हाला फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हता, हे आज कबूल करते. एका दुसऱ्या कंपनीची माणसं कारखाना बघायला यायची होती. एक वयस्कर गृहस्थ, एक तरुण, आणि त्यांच्या मुंबई ऑफिसातली दुभाषी मुलगी. जेवण काय करायचं या काळजीने मी तुम्हाला बोलावलं. आणि वर सांगितलं, "चाचा, तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा हं, सरबत आमची मुलगी आणून देईल." तुम्ही "बरं" म्हणालात. त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

तुम्ही सकाळी सातला आलात. एका हातात बांगड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा डबा, सोलणीच्या बायकांसाठी घरून करून आणलेल्या सांदणांचा. मी केलेली मसाल्याची तयारी बघून तुम्ही नुसती बाजूला सरकवली. बांगड्याला मीठ, आणि निखारा. बस. "कप्तानाला असाच लागायचा," म्हणालात. मग चूल फुंकता फुंकता मला दोनच गोष्टी विचारल्या. म्हातारा कोण आहे आणि तो बोलतो किती? मी म्हटलं, ईमेल सगळे तरुणाचे येतात, म्हाताऱ्याचं नावही नीट माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मग त्याच्याकडेच बघून बोल. आणि त्याने दातांतून हवा ओढली, सूंऽऽ करून, तर समज अवघड झालंय." मी हसले. सल्लागाराच्या दोन दिवसांत हे आलं नव्हतं, म्हणून मला ते खरं वाटलं नाही.

चपला त्यांनी पायरीवर काढल्या आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून लावून ठेवल्या. कार्डं झाली, वाकणं झालं. मग भाव. मी आकडा सांगितला.

आणि तेच झालं. तरुणाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि थांबला. दुभाषी मुलीने मान खाली घातली. म्हाताऱ्याने डोळे मिटले, चक्क मिटले, आणि सूंऽऽ करून हवा आत ओढली. मागे बोरम्याचा पंखा घरघरत होता. घड्याळ लावलं असतं तर दीड-दोन मिनिटं भरली असती. पण माझ्या छातीत गेल्या वर्षीचा सगळा माल पुन्हा उतरवला जात होता. जिभेवर आकडा तयार होता, किलोमागे वीस रुपये कमी. तोंड उघडलं.

तेवढ्यात पेला सरकला. ट्रे घेऊन तुम्ही कधी आत आलात मला कळलंच नाही. सगळ्यांपुढे सरबत ठेवून झालं होतं. माझा पेला मात्र तुम्ही ठेवला नाहीत, टेबलावरून दोन बोटांनी माझ्याकडे ढकललात, अगदी हाताला लागेपर्यंत. वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. नुसतं पुटपुटलात, "पी गो बाय."

मी प्याले. कोकमाचं सरबत घटाघटा पिता येत नाही, जिरं आडवं येतं. सावकाश प्याले. पेला अर्धा झाला तेव्हा माझा श्वास जाग्यावर आला. पाऊण झाला तेव्हा म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि विचारलं, साल काढण्याचं काम कुठे चालतं?

भावाबद्दल अवाक्षर नाही. तो आकडा तसाच राहिला टेबलावर, आणि शेवटपर्यंत राहिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. सोलणीत म्हाताऱ्याने एका ट्रेतून एक गर उचलला. खाचेत तिळाएवढं साल चिकटलेलं होतं. गेल्या वर्षीची मी असते तर म्हटलं असतं, चालतं हो, भावात बघून घेऊ. पण तोंडात अजून कोकम होतं. मी आमच्या सर्वांत जुन्या मावशींना बोलावलं, हे का? मावशी म्हणाल्या, त्या दिवशी लाईट गेली, बोरमा थंड झाला, गर नीट वाळले नाहीत, म्हणून साल सुटलं नाही. लाईट गेली तर जनरेटर का नाही लागला? डिझेल नव्हतं. डिझेल का नव्हतं? ते बघायचं काम माझ्या भावाकडे. भाऊ दारात उभा होता तो हळूच बाहेर गेला. पाच वेळा 'का' विचारायची ती त्यांची रीत टोयोटाच्या कारखान्यातून जगभर गेली म्हणतात. आमच्याकडे तिसऱ्याच 'का'ला घरचा माणूस सापडला. म्हातारा पहिल्यांदा हसला तो तिथे. त्याला सूट नको होती, चूक कशी झाली आणि पुन्हा का होणार नाही ते हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते एका पानावर लिहून पाठवलं.

मग पाच आठवडे शांतता. मी रोज तुम्हाला फोन. एक ईमेल टाकू का, जरा भावाचं बोलू का? तुम्ही रोज तेच, "सरबत पी." नंतर त्या दुभाषी मुलीने मला एक शब्द सांगितला, नेमावाशी. मोठं झाड हलवायचं असेल तर आधी मुळांभोवती हलक्या हाताने खणून ठेवतात, मग उचलतात, ते काम. त्यांच्या ऑफिसात बैठकीच्या आधी एकेकाकडे जाऊन असंच खणून ठेवतात, कागद टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येकाचा शिक्का पडतो. मला तो शब्द ऐकून हसूच आलं. कलम हलवताना मुळाची माती सुटू द्यायची नाही, हे बाबांनी मला हातात कुदळ देऊन शिकवलं होतं. माती धरू देत होते ती माणसं, आणि मी दर दोन दिवसांनी कलम उपटून बघायला निघाले होते.

आता 'जपानी असेच असतात' असं म्हणायचा मोह मला होतोय, तो आवरते. तो तरुण भराभरा बोलत होता, दोन पेले सरबत प्याला आणि तिसरा मागितला. सगळे सारखे असतात हे सल्लागाराचं गणित, तुमचं नव्हे. तुम्ही फक्त म्हाताऱ्याकडे बघायला सांगितलंत.

मी खूप विचार केला की तुम्हाला हे कळलं कसं. जपानी तर तुम्हाला भांड्याकुंड्यांपुरती आणि शिव्यांपुरतीच येते, हे तुम्हीच सांगता. मला वाटतं, वाढणाऱ्याला कळतं. वर्षानुवर्षं ताट पुढे ठेवून बाजूला उभं राहायचं, कोण काय बोललं यापेक्षा कोण जेवताना थांबला ते बघायचं. कप्तान गप्प आहे तो रागाने की समुद्राकडे लक्ष आहे म्हणून, हे ओळखता आलं नाही तर गरम भाताची वेळ चुकते. आपल्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस असा बोटीवर जाऊन आलेला आहे. पडवीत बसून तो जाळं विणतो, नाहीतर नातवंडांवर ओरडतो. त्याला कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, मी जेवण करायला बोलावलं होतं.

आपल्या राजापुरात इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दीला दारूगोळा पुरवला आणि 1661 साली महाराजांनी ती वखार खणून काढली, हे शाळेत घोकलंय आपण. परदेशी व्यापार या गावाला नवा नाही. पण गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याचा मान राखून, आपलाही भाव न सोडता गप्प कसं बसायचं, हे मला बाहेरच्या कोणी शिकवलं नाही. फी घेणारे खूप भेटले. एका ऑफिसातून तर साहेब येऊन बायकांबरोबर फोटो काढून गेले, फोटोची प्रतसुद्धा पाठवली नाही. आणि ज्याला मी स्वयंपाकघराबाहेर येऊ नका म्हटलं, तो माणूस माझा शब्द मोडून, ट्रेचं निमित्त करून आत आला. माझा पाणउतारा होणार नाही अशा बेताने दोन बोटांनी पेला सरकवून परत चुलीपाशी गेला. पाकीट पुढे केलं तर म्हणालात, "बांगड्याचे दे, बाकीचं कसलं?" आणि बांगड्याचे पण पन्नास परत केलेत, बाजारात स्वस्त मिळाले म्हणून. जाताना अर्धा किलो काजूची पाकळी नेलीत, तीही नातीसाठी, आणि तीही मागून, फुकट नव्हे म्हणत.

चाचा, तो सांदणांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. बायकांनी घासून लख्ख केला, जानेवारीपासून फळीवर आहे. रिकामा कसा परत करायचा म्हणून राहिला होता. काल त्यात डब्ल्यू-180 भरलेत, निवडून, एकही तुटका नाही, साल तर दोनदा बघितलंय. रविवारी दुपारी घेऊन येते. सीरियल लागायच्या आधी.

तुमची
बाय