मोठ्या सेंटच्या अदलाबदलीविषयी सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या सेंटची (आजच्या सेंटपेक्षा आकाराने मोठ्या, एक सेंट किमतीच्या जुन्या नाण्यांची) अदलाबदल पुढील बैठकीत होणार आहे. १७९९ सालचे नाणे आणणाऱ्यांनी ते आधी तपासणीस द्यावे. हे साल अतिशय दुर्मीळ असल्याने १७९८ मधील शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ केलेली नाणी बाजारात आढळतात, म्हणून त्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला तर नाही ना, हे भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे. नाणे चकचकीत दिसावे म्हणून त्याला चिंच किंवा पॉलिश कृपया मुळीच लावू नये, कारण दोन शतकांत चढलेला तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही. नाणी कडेनेच धरावीत आणि पीव्हीसीच्या पाकिटांतून आणू नयेत.