मीच मारल्या चांगल्या अळ्या

प्रिय विन्या,

काय भो, कसा शे? तू फोनवर विचारलंस शाळेच्या परसबागेचं काय झालं, ते दोन मिनिटात सांगण्यासारखं नाही म्हणून लिहायलाच बसलो.

सुरुवातच फजितीने झाली. जूनमध्ये मी हौसेने मेथी-कोथिंबीर पेरली आणि एका जोरदार पावसात सगळी सडली. आपली यावलकडची काळी माती तुला माहितीये, पावसात नुसता चिखल न् मे महिन्यात भेगा अशा की पट्टी घातली तर अख्खी आत. मी फळ्यावर निचरा शिकवतोय आणि एक पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, तो म्हणतो सर उंच गादीवाफे करा नं, कडेने चर काढा. मग त्यानेच सगळं आखून दिलं, मी फक्त टिकाव मारला.

नंतर भरताची वांगी लावली, आपली जळगावची हिरवी, २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, शेजारी एक ओळ मिरची. पोरं जेवणाआधी हात धुतात ते पाणी नळाखाली डबकं करून मच्छर पाळत होतं, ते चारी काढून वाफ्यात घेतलं. सप्टेंबरात वांग्याचे शेंडे माना टाकायला लागले. पोरं म्हणे तहान लागली, अजून पाणी घाला. एक शेंडा ब्लेडने उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी निवांत बसलेली, एक पोरगी म्हणाली, सर हिला घरच भारी सापडलं! लगेच दुसरा, घरी फवारणीची अर्धी बाटली उरलीये, उद्या आणतो. नाही म्हटलं, वाकलेले शेंडे रोज खुडून जाळायचे. कंटाळवाणं काम, पण केलं पोरांनी.

आता माझा पराक्रम ऐक. मिरचीवर बारीक काळ्या, मगरीसारख्या अळ्या दिसल्या, मीच त्या चिरडायला लावल्या. नंतर कळलं ती ढालकिड्याची, म्हणजे त्या ठिपकेवाल्या लेडीबर्डची पिल्लं, झाडाचा रस शोषणारा मावा खाणारी! दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की मी चुकलो, तर पोरं एवढी खूश की काय सांगू, आता कुठलाही किडा दिसला की आधी मलाच दटावतात, सर हात लावू नका, आधी बघू काय खातो ते. वरचे साहेब मात्र बागेचे फक्त फोटो मागतात, शाळेच्या बोर्डासकट, ही वाक्यं फोटोत कुठून येणार?

असो. रविवारी शाळेतच भरीत पार्टी आहे, कपाशीच्या काड्यांवर भाजणार, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. नक्की ये, आणि येताना तुझ्या मळ्यातली हिरवी मिरची आण, आमची सगळी माव्याने खाल्ली.

तुझाच,
मास्तर