तुझ्या फोनवरच्या प्रश्नावरून

सच्या,

परवा फोनवर म्हणालास ना, "दंगलींवर पीएचडी कसली करतोस, दंगल का होते ते रिक्षावाल्यालाही माहितीये", तेव्हा मी हसण्यावारी नेलं पण रात्री झोप येईना, म्हणून हे लांबलचक.

आशुतोष वार्ष्णेय म्हणून पोलिटिकल सायंटिस्ट आहेत, अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीत शिकवतात. आधी शेतीच्या राजकारणावर काम केलं, दंगलींकडे नंतर वळले. विल्किन्सन नावाच्या जोडीदाराबरोबर १९५० ते १९९५ चा टाइम्स ऑफ इंडिया दिवस-दिवस करून वाचला, कुठे हिंदू-मुसलमान दंगल झाली, किती मेले, सगळी नोंद. (मला महिन्याची रद्दी बांधतानाच कंबर धरायची वेळ येते.) निघालं काय, तर मेलेल्यांपैकी खेड्यांतले ४ टक्केसुद्धा नाहीत, आणि आठ शहरांत मिळून जवळपास निम्मे. मुंबई त्यात आहेच.

पण मला आवडलं ते पुढचं. जिथे पेटत नाही तिथे का पेटत नाही? यूपीतलं अलीगढ आणि केरळातलं कालिकत, मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखंच, तरी अलीगढ सतत धुमसतं आणि कालिकत शांत. कालिकतला व्यापाऱ्यांच्या संघटना, युनियन सगळीकडे हिंदू-मुसलमान एकत्र, त्यामुळे अफवा उठली की ती तिथल्या तिथे मोडायला ओळखीची माणसं तयार. नुसता शिरखुर्मा आणि फराळाची ताटं इकडून तिकडे गेली की झालं असं नाही, मोठ्या शहरात तेवढ्याने भागत नाही, असं वार्ष्णेय म्हणतात. मला हे पचायला वेळ लागला.

आणि त्यात तुझं भिवंडी आहे रे! १९७० ला शिवजयंतीची मिरवणूक, १९८४ ला परत तेच, आणि १९९२-९३ ला शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी गप्प. १९८८ पासून डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या बसवल्या होत्या ना, गल्लीतले हिंदू-मुसलमान आणि पोलीस एकत्र बसायचे त्या, त्यांच्यामुळे.

आता गोची अशी की विल्किन्सन पुढे वेगळंच म्हणाले, सरकारला मुसलमानांची मतं लागत असतील तर पोलीस दंगल थांबवतात, नाहीतर नाही. मग भिवंडीत श्रेय कुणाचं? कमिट्यांचं म्हणावं तर त्या बसवल्या पोलिसांनीच! माझा अख्खा चॅप्टर इथेच अडकलाय.

तुझे बाबा त्या बैठकांना जायचे ना? तिथे भांडणं कशावरून व्हायची तेवढं विचारून ठेव, पाण्यावरून, भोंग्यावरून की मागांच्या खडखडाटावरून. पुढच्या रविवारी येतोच आहे.

तुझा,
मन्या