सोडलेला मासा जगतो का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली रविवारी धरणांच्या बॅकवॉटरला गरवायला येणारी पोरं खूप वाढलीत, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा, हे चांगलंच आहे, पण सोडला म्हणजे जगला असं सगळे धरून चालतात तिथं गडबड आहे. वीस वर्षं गळ टाकतोय म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी मला एक खडस लागला, म्हणजे महाशीर, अडीचेक किलोचा. लुअरला, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या खोट्या आमिषाला, तीन तोंडांचे दोन गळ होते, एक ओठात बसला आणि झटापटीत दुसरा कल्ल्यात घुसला. ते सोडवण्यात पाच मिनिटं गेली, वर फोटो, आणि तोवर मासा तापलेल्या खडकावर. सोडल्यावर सरळ गेला, बरं वाटलं, आणि थोड्या वेळाने बघतो तर पांढरं पोट वर करून तरंगतोय. ते पोट अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हापासून तीन तोंडी गळ बंद. एकच गळ लावतो आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो, मिनिटभराचं काम आहे. मासा निसटतो म्हणतात, पण तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणलेला ठेवला तर सहसा नाही निसटत. आमिष लावून बसणाऱ्यांनी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ घ्यावा, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो, फक्त झटका मारायचा नाही. गळ खोल गेलाच तर ओढू नका, तंगूस तोंडाशी कापा. हात ओले करूनच मासा धरा, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की त्याला रोग धरतात. आणि पावसाळ्यात खडस अंडी घालतो तेव्हा गळ टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. महाडजवळ वाळण कोंडीतले हेच मासे लोक देवाचे म्हणून धरत नाहीत, आणि लोणावळ्याला टाटा पॉवर 1970च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवतंय, ती काय आपल्या फोटोसाठी?

स्वित्झर्लंडमध्ये तर सोडून द्यायच्या इराद्याने मासा पकडायलाच कायद्याने बंदी आहे. खायचा नाही तर त्रास कशाला, हा त्यांचा प्रश्न मला खोटा ठरवता येत नाही, गळ टाकणं मात्र सुटत नाही, मग निदान इजा तरी कमी करू.

दुकानात बिनकाट्याचे गळ मागितले की कोण घेतंय म्हणतात. आपण दहा-वीस जणांनी सारखे मागितले तर ठेवतील.

– एक वाचक, पुणे