वायरिंगवाल्या काकाजींना, हिटरच्या बटणासाठी

काकाजी, नमस्कार.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा संपला, शेवटची गाडी नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचली, आता निवांत लिहायला बसलो. गाळ्यावर आभार मानायला आलो तेव्हा तुम्ही "जाय बापू, संत्रे वाट पाहून रायले" म्हणून लावून दिलं होतं. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितो. वरूड-मोर्शीकडे जुन्या डिझेल पिकअप अजून पुष्कळ आहेत, त्यांनाही कामी येईल.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. पण डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि हर्रासाला, म्हणजे लिलावाला, माल गाठायचा तर गाडी पहाटेच काढावी लागते, लोखंड सगळ्यात गार असतं तेव्हा. आमची गाडी नेमकी तेव्हाच अडायची. सेल्फ मारत राहायचं, मागून पांढरा धूर, म्हणजे न जळालेलं डिझेल. मग बॅटरी बसायची आणि शेजाऱ्यांना उठवून धक्का. कुणी सेल्फ बदला म्हणालं, कुणी इंजिनच खोला म्हणालं.

तुम्ही काही खोललं नाही. टेस्ट लॅम्प काढला, हिटर प्लगांवरची (गार इंजिन चालू करण्याआधी आतून तापवणारे प्लग) करंट देणारी पट्टी सोडली आणि लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या प्लसला लावून दुसरी एकेका प्लगला टेकवली. तीन ठिकाणी दिवा लागला, एका ठिकाणी नाही. तो प्लग बदलला. मग चाबी फिरवून पट्टीकडे येणारी वायर तपासली आणि म्हणालात, "बॅटरी चांगली हाये, सेल्फ चांगला हाये. हिटरले करंटच येऊन नाही रायला." दोष टायमरच्या डबीत, म्हणजे प्लगांना ठरावीक वेळ करंट सोडणाऱ्या डबीत होता. नवी डबी महाग, आणि कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. तेव्हा तुम्ही हातानं चालवायचं बटण सुचवलं.

या कामातला तुमचा विचार मला फार मोलाचा वाटतो. चार प्लग मिळून ४०-५० अँपिअर ओढतात. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेला तर बटण वितळेल. म्हणून तुम्ही ७० अँपिअरचा रिले बसवला, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मग रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ नंबरच्या पिनवरून प्लगांच्या पट्टीला. बटणातून जातो फक्त रिले ओढण्यापुरता करंट, आणि तोही चाबीच्या लाइनवरून, म्हणजे चाबी काढली की बटण दाबूनही काही होत नाही. ८७ वरूनच एक छोटा दिवा डॅशबोर्डवर आणला, करंट खरंच प्लगांकडे जातो आहे हे दिसावं म्हणून. आणि बटण निवडलं ते दाबून धरायचं. मी खटक्याचं मागत होतो. तुम्ही ठाम नाही म्हणालात: खटका चालू राहिला तर प्लग जळणार, बॅटरीही उतरणार, बोट उचललं की बंद झालंच पाहिजे.

माझी पोरगी आयटीआयला जाते. तुम्ही वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर तिच्या हाती दिला, बटण दाबायला लावलं आणि करंट आधी जास्त, मग प्लग तापेल तसा कमी होत जाताना दाखवला. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबून तापलेली हवाच त्याला पेटवते. गार इंजिन ती ऊब पिऊन टाकतं, म्हणून ह्या जुन्या इंजिनाला आधी हिटर लागतो, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तुमच्या गाळ्यावर गर्दी असताना तुम्ही हा वेळ दिलात.

आता कडाक्याच्या थंडीत आठ-दहा सेकंद बटण धरतो, सेल्फ मारतो, गाडी चालू. इंजिनाखाली शेकोटी पेटवणं बंद झालं. हवेच्या नळीत ईथर (चटकन पेटणारा स्प्रे) मारायचं तर नावच नाही; हिटर तापलेला असताना ईथर आत गेला तर तो अवेळी भडकून इंजिन फोडतो, हे तुम्ही बजावलेलं मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे.

गावातल्या दोघांना आता असंच बटण हवं आहे. एकाची गाडी नवी, कॉम्प्युटरवाली. अशा काही इंजिनांचे प्लग कमी व्होल्टेजचे असतात आणि थेट १२ व्होल्ट दिले तर जळतात, हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं, म्हणून त्याला थांबवलं. दुसऱ्याची आमच्यासारखीच जुनी आहे. ती घेऊन बाजाराच्या दिवशी येतो. रिले, फ्यूज, वायर तुम्हीच काढून ठेवा.

तुमचा,
वरूड तालुक्यातला एक संत्रा बागायतदार