डी ड्राइव्हच्या भरवशावर विंडोज टाकू नका

संपादक महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांबरोबर एक तक्रार हमखास येते : 'नवीन विंडोज टाकली आणि डी गेला.' आपल्या पुरवणीत जुन्या संगणकावर विंडोज ११ कशी टाकावी, यावर नुकताच लेख आला. पेनड्राइव्ह बूटेबल (म्हणजे संगणक त्यावरूनच सुरू होईल असा) कसा करायचा, हे त्यात छान समजावलं आहे. माझा आक्षेप एकाच वाक्याला आहे : 'महत्त्वाच्या फायली डी ड्राइव्हमध्ये हलवा आणि निर्धास्तपणे सी फॉरमॅट करा.' गेलेला डेटा काढून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यातलं निम्मं काम या एका सल्ल्याने मला मिळवून दिलं आहे. दुरुस्तीवाले हे सांगतात, शेजारची हुशार मुलं सांगतात, आणि आता ते छापूनही आलं.

बहुतेक संगणकांत सी आणि डी या दोन वेगळ्या वस्तू नसतात. डिस्क एकच असते, तिचे भाग पाडलेले असतात. कोणता भाग कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद अवघ्या ६४ बाइट्सची, म्हणजे १६ बाइट्सच्या चार ओळी. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ भागांची सोय असते आणि त्याच तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटाला ठेवलेली असते. अनुक्रमणिकेचं पान फाटलं म्हणून पुस्तकातली प्रकरणं जात नाहीत, तसंच इथे. मात्र त्या दुसऱ्या प्रतीच्या भरवशावर राहू नये. डिस्कची सुरुवात खराब झाली तर ती कामी येते. पण विंडोजच्या इन्स्टॉलमध्ये तुम्ही स्वतः 'डिलीट' दाबलंत, तर दोन्ही प्रती नव्याने लिहिल्या जातात.

'डी' हे अक्षर तर या तक्त्यात नसतंच. कोणत्या भागाला कोणतं अक्षर द्यायचं, हे विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवते. ती रजिस्ट्री सीवरच असते, आणि पेनड्राइव्हवरून चालणारं इन्स्टॉल ती वाचत नाही. त्यामुळे इन्स्टॉलच्या पडद्यावर सी-डी असं काही लिहिलेलं दिसत नाही. दिसतं ते 'ड्राइव्ह ०, पार्टिशन १', 'पार्टिशन २' असं, आणि पुढे आकार. त्यात १०० एमबीचा ईएफआयचा (संगणक सुरू करून देणाऱ्या फायलींचा) भाग, १६ एमबीचा एक राखीव भाग, रिकव्हरीचा भाग असे ओळखीचे नसलेले पाहुणेही रांगेत उभे असतात. एक टीबीच्या डिस्कचे कुणी समसमान दोन भाग केले असतील, तर दोन्हींपुढे ४६५ जीबी लिहिलेलं असतं. आता यातला सी कोणता? इथे बहुतेक लोक अंदाज बांधतात. काही जण व्हिडिओत पाहिलेलं करतात : सगळे भाग डिलीट करायचे, एकच 'अनअलोकेटेड स्पेस' उरली की 'नेक्स्ट'. व्हिडिओ नव्या डिस्कवर केलेला असतो, हे कुणी सांगत नाही.

एका छायाचित्रकाराचं उदाहरण देते. त्यांच्या भाच्याने नेमकं असंच केलं होतं. साधी फिरती हार्ड डिस्क, डीमध्ये कित्येक वर्षांचे समारंभ. विंडोजने सगळी जागा घेऊन एकच मोठा सी बनवला होता. त्यांनी फोनवर विचारलं, 'एखादं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकून बघू का?' मी म्हटलं, काही टाकू नका, आधी मशीन बंद करा. कारण जुना डी त्या नव्या सीच्या पोटात होता. विंडोज चालू आहे तोवर अपडेट उतरत असतात, तात्पुरत्या फायली लिहिल्या जात असतात, आणि त्यातली कोणती कुठे जाऊन बसेल हे सांगता येत नाही. ज्या डिस्कवरचा डेटा काढायचा, तिच्यावरच ते काढायचं सॉफ्टवेअर टाकणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार.

ती डिस्क काढून मी दुसऱ्या मशीनला लावली आणि आधी तिची सेक्टरगणिक (डिस्कवरचा एकेक छोटा कप्पा जसाच्या तसा) प्रत घेतली. पुढचं सगळं त्या प्रतीवर. डिस्क आचके देत असेल तर अशी प्रत घ्यायला जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावं. ते वाचता न आलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि पुन्हा तिथूनच पुढे चालू करता येतं. मग टेस्टडिस्क. हे हरवलेले भाग शोधणारं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, त्यामुळे लोक बिचकतात. 'अ‍ॅनालाइज', मग 'क्विक सर्च'. त्यात काही सापडलं नाही तर 'डीपर सर्च'. हे तक्त्याकडे न बघता डिस्कवर पुढे पुढे सरकत भागांच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फायली मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत, भागाच्या पहिल्या सेक्टरची एक प्रत भागाच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्येही असते, त्यामुळे एक खूण पुसली तरी दुसरी सापडू शकते. बराच वेळ टक्केवारी सरकत राहिली आणि यादीत जुना डी आला. त्या ओळीवर 'पी' हे बटण दाबलं की आतल्या फायलींची यादी उघडते. फोल्डर त्यांच्या मूळ नावांनी दिसले, तेव्हा कुठे मी त्यांना फोन केला.

टेस्टडिस्कमध्ये शेवटी 'राइट' असा पर्याय येतो आणि माणसाचा हात तिकडे जातो. डी नुसता तक्त्यातून उडाला असेल, त्याची जागा अजून मोकळी असेल आणि 'पी'ने आतल्या फायली नीट दिसत असतील, तरच 'राइट' करावं. मग मशीन पुन्हा चालू केल्यावर डी जागेवर दिसतो. पण इथे जुना डी आणि नवा सी एकमेकांवर चढलेले होते. अशा वेळी तक्त्याला हात न लावता यादीतूनच फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या. बहुतेक सगळं आलं. काही फोटो अर्धे राखाडी निघाले, तिथे विंडोज जाऊन बसली होती. फोल्डरची रचनाच उद्ध्वस्त असेल तर टेस्टडिस्कबरोबर येणारं फोटोरेक उरतं. ते फायलींच्या आतल्या खुणांवरून त्या वेचतं, पण नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने हाती येतात.

हे सगळं शक्य झालं ते जुन्या धाटणीच्या डिस्कमुळे. क्विक फॉरमॅट नवी अनुक्रमणिका लिहितं, बाकीच्या जागेला शिवत नाही. (पूर्ण फॉरमॅट मात्र व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं. त्यानंतर माझ्याकडे येऊ नये.) एसएसडीची, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कची, गोष्ट वेगळी. विंडोज ७ पासून ट्रिमची सोय आहे. भाग फॉरमॅट झाला की 'ही जागा आता नको' असं एसएसडीला कळवलं जातं, आणि ती आपल्या सवडीने ती जागा खरोखर रिकामी करते. डी फॉरमॅट झालेला एसएसडीचा लॅपटॉप घेऊन लोक येतात, तेव्हा टेस्टडिस्क जुन्या भागाची हद्द कधीकधी दाखवतंही, पण आत वाचायला गेलं की नुसती शून्यं. अशा लोकांना 'बघू, प्रयत्न करू' म्हणून लटकवणाऱ्यांची मला चीड आहे. आपला लेख वाचणाऱ्या बहुतेकांच्या मशीनमध्ये आज एसएसडीच असणार, म्हणूनच 'निर्धास्तपणे' हा शब्द मला जास्त खटकला.

उलट बाजूही सांगते. 'डी गेला' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं काहीच गेलेलं नसतं. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डीच्या आकाराचा भाग निळ्या पट्टीसह दिसत असेल आणि नुसतं अक्षर नसेल, तर उजवं क्लिक करून अक्षर द्यायचं, संपलं. काळी पट्टी आणि 'अनअलोकेटेड' दिसलं तर तक्त्यातली नोंद उडाली आहे. तिथे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'च्या वाटेला जाऊ नका, तो पुढे फॉरमॅटच सुचवतो. भाग 'रॉ' दिसत असेल, म्हणजे विंडोजला त्याची आतली रचना ओळखता येत नसेल, तर विंडोज 'आधी फॉरमॅट करा' असं फार आर्जवाने विचारते. नाही म्हणा. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासायची सोयही इतक्यात चालवू नका, ती जागेवरच दुरुस्त्या लिहू लागते. लिनक्सचा भाग विंडोजला वाचता येत नाही म्हणूनही हाच प्रश्न येतो, आणि धडधाकट लिनक्स 'हो' म्हटल्याने गेल्याचं मी पाहिलं आहे.

आणखी एक नवं प्रकरण. डीवर कुलपाचं चित्र दिसतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) आपोआप सुरू होतं, आणि आतल्या डिस्कचे बाकीचे भागही त्यात येतात. सी पुसला की डी उघडायची आपोआप सोय गेली. की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. सापडली नाही, तर टेस्टडिस्कही नाही आणि मीही नाही. घाईने बनवलेल्या दुसऱ्या ईमेलवर ते खातं उघडलेलं असतं आणि ते आता कुणालाच आठवत नसतं, हे फार वेळा होतं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती ठळक छापावी : फायलींची प्रत संगणकाबाहेरच्या वेगळ्या डिस्कवर घ्या, ती उघडून पाहा आणि विंडोज टाकताना ती डिस्क उपसून ठेवा. जमलं तर सोबत हेही छापा, की सुरुवात करण्याआधी प्रत्येक भागाला ओळखू येईल असं लेबल द्यावं, कारण अक्षर नसलं तरी लेबल इन्स्टॉलच्या पडद्यावर दिसतं. डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढावा. आणि ४८ आकड्यांची की कागदावर लिहून घ्यावी. लेखकांना काही शंका असल्यास मी बोलायला तयार आहे, माझा पत्ता कार्यालयाकडे पाठवला आहे.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक