तारीख, वेळ, स्थळ ब्लॉकमध्ये घालू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यातल्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी, सौ. आणि विजापूरहून मुद्दाम आलेले आमचे साडू असे तिघे सोलापूर शहरातल्या एका सभागृहाच्या बंद फाटकापुढे उभे होतो. आत अंधार. वॉचमन म्हणाला, "कार्यक्रम जुळे सोलापूरला हलवला की काका. दोन दिवस झाले. व्हॉट्सॲपवर आलंय बघा." आले असेलही, पण ज्या ग्रुपवर आले त्यात आम्ही नव्हतो. आम्ही कार्यक्रमाची वेबसाइट पाहून निघालो होतो आणि तिच्यावर अजून जुनेच सभागृह होते. रिक्षा करून तिकडे पोचेपर्यंत मध्यंतर झाले होते.

कार्यक्रमाचे नाव लिहीत नाही. करणारी मुले चांगली आहेत, पदरचे पैसे घालतात. म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला विचारले, "अरे, दोन दिवस होते, एक ओळ बदलता आली नाही?" तो म्हणाला, "काका, ते सगळं पोस्टरमध्ये आहे. ओरिजिनल फाइल डिझायनरकडं. तो पुण्याला, फोन उचलेना."

हे ऐकले आणि मला माझा छापखाना आठवला. साखर पेठेत ३८ वर्षे मी छपाई केली. लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिले, व्याख्यानमालांची पत्रके, सगळे ट्रेडलवर, म्हणजे जुन्या छपाईयंत्रावर. त्या काळात चित्र छापायचे तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. गणपती, संस्थेचे बोधचिन्ह, फार तर कार्यक्रमाचे नाव नक्षीदार अक्षरात, एवढेच ब्लॉकमध्ये. वार, तारीख, वेळ आणि स्थळ मात्र खिळ्यांत, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांत. कारण ब्लॉकमधला एक काना चुकला तरी अख्खा ब्लॉक नवा करावा लागे. खिळ्यांत जुळवलेली ओळ जुळारी चिमट्याने काढून पाच मिनिटांत दुसरी बसवी. पाहुण्यांची गाडी चुकते, हॉलवाला ऐनवेळी तारीख दुसऱ्याला देतो, हे आम्ही गृहीतच धरलेले असे. छापून झाल्यावर स्थळ बदलले, तर दुरुस्तीची चिठ्ठी छापून प्रत्येक पत्रकावर खळीने चिकटवायची. मी स्वतः बसून चिकटवल्या आहेत.

आजची पोरे नेमके उलटे करतात. बदलण्यासारखे जे जे आहे, ते सगळे एका रंगीत चित्रात ओततात आणि ते चित्र वेबसाइटवर टांगतात. चित्र म्हणजे ब्लॉकच. फरक एवढाच की आता ब्लॉक करणारा पुण्यात असतो आणि फोन उचलत नाही. वेबसाइटवर साधी अक्षरे टाइप केलेली असती तर मंडळातल्या कुणीही मोबाइलवरून स्थळ बदलले असते.

त्या वेबसाइटवर बाकी काय काय होते, तेही सांगतो. उघडल्यावर आधी एक चक्र गरगर फिरले. मग सनई वाजू लागली, ती बंद कशी करायची ते सौ.ला शेवटपर्यंत सापडले नाही. मग मान्यवरांचे फोटो एकामागून एक सरकू लागले. त्याखाली उलटे चालणारे घड्याळ: दिवस, तास, मिनिटे, सेकंद. कार्यक्रमाला किती सेकंद उरले हे कळत होते. कुठे जायचे, ते पोस्टर बोटांनी ताणून मोठे केल्यावर कोपऱ्यात दिसले. तेही चुकीचे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात, दृष्टी गेलेली आहे. त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. ती वेबसाइट त्यांच्या फोनवर लावून पाहिली. पोस्टरवर आल्यावर फोन "इमेज" एवढेच म्हणाला आणि पुढे गेला. साडूंची तऱ्हा वेगळी. ते मराठी फर्डे बोलतात, पण वाचतात कानडी. या गावात बऱ्याच घरांत कानडी नाहीतर तेलुगू ऐकू येते, पाहुणे कलबुर्गी-विजापूरहून येतात. सगळी वेबसाइट तीन भाषांत करा असे मी म्हणत नाही. पण वार, वेळ आणि स्थळ या तीन ओळी कानडी आणि तेलुगूत लिहायला किती वेळ लागतो? अक्षरांत मजकूर असला तर फोन त्याचे भाषांतर तरी करून देतो.

मजकूर टाइप करायचा तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, हेही सांगायला हवे. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरच्या जुळणीच्या, जमान्यातल्या फाँटमध्ये केलेले पत्रक तसेच उचलून वेबसाइटवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे जानेवारीतला गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वर यात्रा. तिच्या सुमारास लहानमोठी मंडळे आपापल्या कार्यक्रमांची पाने काढतात, यात्रेचे वेळापत्रकही फोनवरून फिरते. ही यात्रा काही एका सभागृहातला तीन तासांचा कार्यक्रम नव्हे. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचे होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम. विधी वेगळे, दिवस वेगळे, जागा वेगळ्या. बाहेरगावचा माणूस विचारतो ते एवढेच: अक्षता कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि गाडी कुठपर्यंत येऊ देतात? याचे उत्तर पान उघडल्याबरोबर, पहिल्या पडद्यावर, बोट न सरकवता दिसले पाहिजे. इतिहास खाली सावकाश द्या.

तारखेपुढे वार आणि साल लिहा. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आली, तरी कित्येकांच्या डोक्यात १४ पक्की होती. साल नसले की मागच्या वर्षीचे पान कुणीतरी पुढे पाठवते आणि लोक एक दिवस चुकून येतात.

दारूकामाच्या रात्री होम मैदानावर माझ्या फोनला रेंज असून नसल्यासारखी असते. तिथे फोटोंनी भरलेले पान उघडत नाही. माझा पुतण्या या कामातला. त्याने हिशेब सांगितला: काने-मात्रे वेगळे धरून मराठीचे एकेक अक्षर तीन बाइटचे. म्हणजे हजार अक्षरांचा मजकूर तीन केबी. एक फोटो सहज तीन एमबीचा असतो. त्या एका मान्यवराच्या जागेत दहा लाख अक्षरे मावली असती! मान्यवरांविषयी माझे काही म्हणणे नाही, पण त्यांना पानाच्या तळाशी बसवावे.

फोन नंबर दोन द्या, बोट लावताच लागणारे, आणि ते अशा माणसांचे द्या जे त्या संध्याकाळी स्टेजवर नसतील. अध्यक्षांचा नंबर देऊ नका, ते हारतुऱ्यांत असतात. नकाशावर खूण करताना ज्या फाटकातून लोकांना आत घेणार आहात, त्या फाटकावर करा. आणि वेबसाइटचा पासवर्ड निदान तिघांकडे असू द्या.

कार्यक्रम संपल्यावर पान पुसू नका. वर "कार्यक्रम झाला" एवढे लिहा, कोण गायले, कोण बोलले ते राहू द्या. माझ्याकडे छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत तारेत ओवून ठेवलेली आहे. जुनी पत्रके शोधायला अजून कुणी ना कुणी येतो. वेबसाइटच्या नावाचे वार्षिक पैसे भरायचे राहिले की ते सगळे नाहीसे होते, आणि ते पैसे भरायचे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

गड्ड्याच्या आधी ज्या मंडळांना आपले पान तपासून हवे असेल, त्यांचे प्रूफ मी फुकट वाचून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. सकाळी दहानंतर यावे. तारीख-वेळ-स्थळ अक्षरांत आणावे. ब्लॉक आणलात तर चहा पाजून परत पाठवीन.

आपला,
एक जुना छापखानेवाला
साखर पेठ, सोलापूर